पुढचा गेम येईपर्यंत कोणता खेळावा

रायट गेम्स ही कंपनी आपल्या 'लीग ऑफ लेजंड्स' या गेमच्या जगावर आधारलेला एमएमओ, म्हणजे हजारो खेळाडूंनी एकाच जगात एकत्र खेळायचा रोल-प्लेइंग गेम, तयार करत असल्याचे कंपनीतल्या ग्रेग स्ट्रीट यांनी डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केले. आमच्या गटातल्या चौघांनी त्याच आठवड्यात चालू गेमची सबस्क्रिप्शन बंद केली. आता खेळायचे ते नव्याच गेममध्ये, असा त्यांचा बेत होता. मार्च २०२३ मध्ये स्ट्रीट यांनी कंपनी सोडली. मार्च २०२४ मध्ये सहसंस्थापक मार्क मेरिल यांनी कळवले की प्रकल्पाची दिशा नव्याने ठरवली आहे आणि पुढची बहुधा कित्येक वर्षे त्याबद्दल काही ऐकू येणार नाही. चौघांपैकी एकाचे दरम्यान लग्न झाले, त्याची मुलगी बालवाडीत जाऊ लागली, गेमचा मात्र पत्ता नाही.

वाट पाहण्यात गैर काही नाही, पण मधल्या काळासाठी गेम निवडण्याची रीत वेगळी असते आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. येणाऱ्या गेमसारखाच दिसणारा गेम शोधण्याकडे मनाचा ओढा असतो. माझ्या मते पाहायचे ते हे, की गेम किती सहज हातात घेता येतो आणि किती सहज खाली ठेवता येतो. नव्या इमारतीत फ्लॅट बुक करून ताब्याची वाट पाहणारे कुटुंब भाड्याचे घर शोधताना अनामत किती, करार किती महिन्यांचा आणि नोटीस किती दिवसांची एवढे विचारते. तिथे मॉड्युलर किचन बसवत नाही.

सर्वांत आधी ताबा कधी मिळणार याचा खरा अंदाज घ्यावा. तारीख जाहीर होऊन आगाऊ विक्री सुरू झाली असेल, तर प्रतीक्षा महिन्यांत मोजता येते. सर्वसामान्य खेळाडूंना खेळता येणारी चाचणी चालू असेल, तर एखादे वर्ष धरावे आणि त्यात आणखी सहा महिने मिळवावेत. केवळ नाव, चित्रे आणि एखादा ट्रेलर एवढेच हाती असेल, तर तो गेम येणारच नाही असे समजून आजची निवड करावी. हे कठोर वाटेल, पण ब्लिझार्ड या गेम कंपनीने 'टायटन' नावाच्या एमएमओवर सुमारे सात वर्षे काम करून तो सप्टेंबर २०१४ मध्ये रद्द केला. २०१३ मध्ये दाखवलेला 'एव्हरक्वेस्ट नेक्स्ट' मार्च २०१६ मध्ये रद्द झाला. आणि 'स्टार सिटिझन'ने लोकांकडून पैसे गोळा करायला सुरुवात केली ती २०१२ मध्ये, आणि पूर्ण गेम अजून आलेला नाही. प्रतीक्षा तीन महिन्यांच्या आत असेल तर एमएमओच्या फंदात न पडता एकट्याने खेळायचा एखादा मोठा रोल-प्लेइंग गेम संपवणे शहाणपणाचे, कारण नव्या एमएमओत पाय रुजेपर्यंतच तेवढा काळ निघून जातो.

प्रतीक्षा त्याहून लांब असेल तर पुढचा प्रश्न सर्व्हर, म्हणजे गेम चालवणारा कंपनीचा संगणक, कुठे आहे हा, आणि इथे जरा थांबण्याची गरज आहे, कारण भारतातल्या खेळाडूचे निम्मे समाधान यावरच ठरते. प्रकाश काचेच्या तंतूतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईहून सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर आहे, म्हणजे संदेश जाऊन परत यायला किमान ३९ मिलिसेकंद लागणारच. फ्रँकफर्टसाठी हा आकडा ६५च्या आसपास आणि न्यूयॉर्कसाठी सुमारे १२५ येतो. महागडे कनेक्शन घेऊनही ही मर्यादा ओलांडता येत नाही. त्यातून समुद्राखालच्या केबल सरळ रेषेत जात नाहीत आणि वाटेत अनेक थांबे असतात, त्यामुळे प्रत्यक्ष पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ, याच्या दीडपट-दुप्पट धरावा. माझ्या घरी रात्री दहा वाजता, म्हणजे सारी सोसायटी क्रिकेट किंवा मालिका पाहत असताना, सिंगापूरला ७५, जर्मनीला १५० आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला २३०च्या आसपास आकडा दिसतो. हे मोजमाप आपण ज्या वेळी खेळणार त्याच वेळी घ्यावे. दुपारी तीन वाजता घेतलेल्या आकड्याचा रात्री उपयोग नाही.

मात्र २३० हा आकडा वाईट की चालण्याजोगा, हे गेमच्या अंगच्या लयीवर अवलंबून असते. 'ओल्ड स्कूल रुनस्केप'मध्ये सारे जग ०.६ सेकंदाच्या ठोक्यावर चालते. आपण केव्हाही क्लिक केले तरी कृती पुढच्या ठोक्यालाच घडते, त्यामुळे दोनशे मिलिसेकंदांचा उशीर बहुतेक वेळा त्या ठोक्याच्या पोटात जिरून जातो. 'ईव्ह ऑनलाइन'चा ठोका तर पूर्ण एका सेकंदाचा आहे. 'फायनल फँटसी १४'मध्ये एका मुख्य स्किलनंतर दुसरे वापरायला साधारण अडीच सेकंद थांबावे लागते, म्हणून सुरुवातीचे शंभर तास पिंग जाणवतसुद्धा नाही. त्या अडीच सेकंदांच्या फटीत दोन छोट्या कृती बसवायची वेळ आली की मग युरोपातल्या खेळाडूच्या दोन बसतात आणि आपली जेमतेम एक. 'गिल्ड वॉर्स २' याच्या उलट टोकाला आहे. तिथे शत्रूचा घाव कोलांटी मारून चुकवायचा असतो आणि त्या कोलांटीत संरक्षण मिळते ते पाऊण सेकंद. पिंग जास्त असेल तर घाव दिसल्यावर नव्हे, दिसण्याच्या बेतात असतानाच बोट हलवावे लागते. सवयीने हे जमते, पण पहिल्या आठवड्यात आपणच मंद आहोत असे वाटत राहते.

सर्व्हरच्या जागेमागून घड्याळ येते. एकट्याने कथा खेळणाऱ्याला त्याचे काही नाही, पण रेड करायची असेल, म्हणजे ठरलेल्या गटाने ठरलेल्या वेळी मोठ्या शत्रूशी लढायचे असेल, तर दुसऱ्या खंडातली संध्याकाळ आपल्याकडे किती वाजता होते हे पाहावेच लागते. उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे आठ वाजतात तेव्हा इथे पहाटेचे साडेपाच झालेले असतात. बर्लिनमध्ये आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेअकरा. युरोपचा गट घेतला तर रात्री दोनपर्यंत जागरण, अमेरिकेचा घेतला तर दूधवाल्याच्या आधी उठणे. नोकरदार माणसाला दुसरा पर्याय अधिक झेपतो असा माझा अनुभव आहे, जरी घरच्यांना तो अधिक विचित्र वाटतो.

आता पैशांकडे वळू. मासिक सबस्क्रिप्शन असलेले गेम महाग आणि फुकट गेम स्वस्त, असा सरसकट हिशेब करू नये. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' महिन्याला सुमारे १५ डॉलर घेतो, त्यावर कार्डाचे परकीय चलन शुल्क वेगळे. पण महिना संपला की व्यवहार संपला. फुकट गेममध्ये रोजची हजेरी, हंगामी पास आणि 'आज नाही आलात तर हुकले' अशी बक्षिसे असतात, आणि त्यांची किंमत वेळेत मोजावी लागते. आणखी एक व्यवहारातली गोष्ट. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरून दर महिन्याला आपोआप होणाऱ्या वजावटीसाठी आधी मंजुरी आणि पूर्वसूचना लागते, आणि परदेशी कंपन्यांच्या बाबतीत ही साखळी कुठेही तुटू शकते. माझे एक सबस्क्रिप्शन असेच मध्येच थांबले आणि मला ते कळले ते गट डंजनच्या, म्हणजे मिळून लढत पार करायच्या भुयाराच्या, दारात उभा असताना. तेव्हापासून मी एकेका महिन्याचेच पैसे भरतो. मधल्या काळाच्या गेमसाठी हीच पद्धत एरवीही बरी. सहा महिन्यांचे स्वस्त म्हणून एकदम घेतले की दोन महिन्यांनी मोकळे व्हायची मुभा जाते.

या कसोट्यांवर माझी पहिली शिफारस 'गिल्ड वॉर्स २'ची आहे, पिंगचा वर सांगितलेला जाच धरूनसुद्धा. ऑगस्ट २०१२ मध्ये आलेल्या या गेमला मासिक शुल्क कधीच नव्हते आणि ऑगस्ट २०१५ पासून मूळ गेम फुकट आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे लेव्हलची मर्यादा पहिल्या दिवशी ८० होती आणि इतकी एक्स्पान्शन, म्हणजे मूळ गेमला जोडलेले नवे मोठे भाग, येऊनही ती ८०च आहे; वर्षभराने परत आलात तरी पेटाऱ्यातले चिलखत तितक्याच कामाचे असते. 'एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन'मध्येही ऑक्टोबर २०१६ पासून सारे जग खेळाडूच्या पातळीशी जुळवून घेते, त्यामुळे कुठूनही सुरुवात करून कुठेही थांबता येते. फक्त तिथली क्राफ्टिंगच्या, म्हणजे गेममध्ये वस्तू बनवायच्या, सामानाची अमर्याद थैली सबस्क्रिप्शनबरोबरच मिळते. ते बंद केल्यावर थैलीतले काढता येते, नवे भरता येत नाही. त्या थैलीची सवय लावून घेऊ नये, हे मी स्वतः सवय लागल्यावर सांगतो आहे.

कथेची आवड असलेल्याने 'फायनल फँटसी १४'ची मोफत चाचणी घ्यावी. ऑक्टोबर २०२३ पासून त्यात लेव्हल ७० पर्यंतचा, म्हणजे मूळ गेम आणि पहिल्या दोन एक्स्पान्शनचा भाग मिळतो, तोही वेळेच्या मर्यादेविना. शेकडो तासांची ही शिदोरी आहे. डिस्कवर मात्र सुमारे १४० जीबी जागा आधी करून ठेवावी. मोहात पडायचे ठिकाण पुढे आहे. पूर्ण आवृत्ती एकदा नोंदवली की ते खाते पुन्हा चाचणीत जात नाही आणि सबस्क्रिप्शन संपले की दारच बंद होते, त्यामुळे पाहुणा म्हणून आलेल्याने पाहुणाच राहावे. शिवाय स्टीम या ऑनलाइन गेम दुकानातून घेतलेली मूळ आवृत्ती आणि कंपनीच्या दुकानातून घेतलेले एक्स्पान्शन एकमेकांना चालत नाहीत, हे खरेदीनंतर कळणाऱ्यांची संख्या मोठी असावी. आणि तिथे लॉटरीत नंबर लागून स्वतःचे घर मिळालेच, तर ४५ दिवस त्यात पाऊल न टाकल्यास ते पाडले जाते. माझ्या भाड्याच्या घराच्या उपमेला याहून नेमका पुरावा मला सापडलेला नाही.

ज्यांच्याकडे ताकदीचा संगणक नाही किंवा ज्यांचा बराचसा वेळ लोकलमध्ये जातो, त्यांच्यासाठी 'ओल्ड स्कूल रुनस्केप' आहे. २००७ सालच्या प्रतीवरून फेब्रुवारी २०१३ मध्ये तो पुन्हा सुरू झाला, ऑक्टोबर २०१८ पासून तोच जसाच्या तसा मोबाइलवर चालतो, आणि कोणत्या देशातल्या सर्व्हरवर जायचे हे दर वेळी यादीतून निवडता येते. त्यातल्या कौशल्यांची सर्वोच्च पातळी ९९ असली तरी अनुभवाच्या गुणांनी मोजता ९२व्या पातळीला अर्धीच वाट झालेली असते, म्हणून मधल्या काळात आलेल्याने ९९च्या नादी लागू नये. साठ-सत्तरपर्यंत बहुतेक गमतीच्या क्वेस्ट, म्हणजे कथेतल्या मोहिमा, उघडतात. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' लेव्हल २० पर्यंत फुकट आहे, चवीपुरता तो पुरतो.

गेम ठरल्यावर भूमिका ठरवावी, आणि येणाऱ्या गेमचा विचार करायचा तो इथे. नाणी, चिलखत, घोडे यांपैकी काही एका गेममधून दुसऱ्यात जात नाही, पण टँक म्हणून शत्रूचे तोंड गटापासून दूर फिरवून ठेवण्याची किंवा हीलर म्हणून पाच जणांचा जीव किती उरला ते दाखवणाऱ्या पट्ट्यांवर नजर ठेवत स्वतःच्या पायाखालची आग चुकवण्याची सवय जाते. नव्या गेमच्या पहिल्या महिन्यात या दोहोंचा तुटवडा असतो, म्हणून आजवर केवळ मारझोड करणाऱ्याने मधल्या काळात हीलर शिकून घ्यावा. चुका करायला भाड्याचे घर बरे. सोबत येतात ती माणसेही. चांगली गिल्ड, म्हणजे खेळाडूंची कायमची टोळी, मिळाली तर तिच्यातल्या दोघा-तिघांशी गेमबाहेरही संपर्क ठेवावा आणि आपण अमुक गेमची वाट पाहत आहोत हे सुरुवातीलाच सांगून टाकावे, म्हणजे पुढे अर्ध्या हंगामात गट सोडल्याचा ठपका येत नाही.

शेवटी तारीख जाहीर होते आणि माणसे घाईने जुना गेम डिस्कवरून पुसून टाकतात. तसे करू नये. सप्टेंबर २०२१ मध्ये 'न्यू वर्ल्ड' आला तेव्हा स्टीमवर एकाच वेळी नऊ लाखांहून अधिक लोक होते आणि कित्येकांची संध्याकाळ रांगेतला आपला नंबर पाहण्यात गेली. काही महिन्यांतच खेळाडू इतके घटले की ओस पडलेले सर्व्हर एकत्र करावे लागले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'फायनल फँटसी १४'च्या नव्या एक्स्पान्शनच्या वेळी गर्दी एवढी झाली की कंपनीने काही आठवडे गेमची विक्रीच थांबवली. म्हणून नव्या गेमच्या पहिल्या दिवसानंतर किमान तीन आठवडे जुना गेम तसाच राहू द्यावा, सबस्क्रिप्शन असल्यास फक्त त्याचे आपोआप नूतनीकरण बंद करून ठेवावे, आणि रांगेत आपल्या पुढे हजारो लोक दिसले की दुसऱ्या खिडकीत जुन्या मंडळींबरोबर एखादे डंजन उरकून यावे.