जुने रिव्हॉल्व्हर स्वस्तात घेताना या चुका टाळा

सोलापूर परिसरात शेतवस्तीवर राहणारे किंवा व्यापारामुळे रोकड बाळगणारे परवानाधारक नवे रिव्हॉल्व्हर परवडत नाही म्हणून जुन्याकडे वळतात, आणि परवान्याच्या धावपळीत हत्यार नीट तपासायचेच राहून जाते. मीही हेच केले. निकेलचा झळझळीत मुलामा पाहून ०.३२ बोअरचे एक रिव्हॉल्व्हर घेतले. मुलामा नंतर चढवलेला होता, आणि त्याखालचे गंजाचे खड्डे पहिल्याच पावसाळ्यात वर आले.

सर्वांत महागात पडते ते सिलिंडरकडे दुर्लक्ष करणे. हत्यार रिकामे असल्याची स्वतः खात्री करून घोडा अगदी सावकाश मागे ओढावा. तो चढेपर्यंत सिलिंडर पूर्ण फिरून खटकन अडकला पाहिजे आणि अंगठ्याने हलवल्यास डुगडुगता कामा नये. माझा सिलिंडर केसभर मागे राहत असे. एवढ्या फरकानेही गोळी नळीच्या सिलिंडरकडील तोंडाशी घासते व शिशाचे कण बाजूला उडतात, हे मला सरावाच्या वेळी शेजारी उभ्या असलेल्या मेहुण्याच्या मनगटावरचे लाल ठिपके पाहून कळले. नळीच्या एका टोकाशी पांढरा कागद धरून दुसऱ्या टोकातून पाहिले असते, तर आतल्या पिळदार खाचा झिजलेल्या आहेत हेही दुकानातच दिसले असते.

काडतुसांबाबत ‘बत्तीस म्हणजे बत्तीस’ असे समजू नये. कानपूरच्या सरकारी कारखान्यातील रिव्हॉल्व्हरचे आणि ईशापूरच्या ‘अशनी’ पिस्तुलाचे काडतूस आकड्याने सारखे असले तरी वेगळे असते. हत्यार कातडी म्यानातच ठेवून देणेही टाळावे. कातडे ओल धरते.

‘कागद मागाहून देतो’ म्हणणाऱ्याकडून काहीही घेऊ नये. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवानाधारकाने आपले हत्यार दुसऱ्या परवानाधारकास विकण्यापूर्वी जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्यास लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावे लागते. हत्यारावरचा क्रमांक परवान्यावरील नोंदीशी अंकनअंक ताडून पाहावा. क्रमांक घासलेला दिसल्यास तेथूनच परतावे.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीस दोनच हत्यारे बाळगता येतात. माझ्याकडे वडिलांची बारा बोअर आहे, त्यामुळे दुसरी जागा या रिव्हॉल्व्हरने अडवली आहे. नवे घ्यायचे तर आधी हे विकले पाहिजे, आणि येणारा प्रत्येक गिऱ्हाईक आता सिलिंडर अंगठ्याने हलवून पाहतो.