संकेतस्थळावरील भूमिका आणि परवानग्या: नेमून देण्याची पद्धत

सेटिंग्ज उघडण्याआधी कागदावर यादी करावी ती कामांची, माणसांची नव्हे. 'अमुक सदस्य जुने आहेत, विश्वासू आहेत' या हिशोबाने अधिकार वाटले की पाहता पाहता प्रशासकांचीच गर्दी होते. लेख लिहिणे, तो प्रसिद्ध करणे, दुसऱ्याचा लेख दुरुस्त करणे आणि चित्रे चढवणे ही चार निरनिराळी कामे आहेत व त्यांच्या परवानग्याही निरनिराळ्या असतात.

वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवण्याच्या प्रणालीत सबस्क्रायबर, कॉन्ट्रिब्यूटर, ऑथर, एडिटर आणि ॲडमिनिस्ट्रेटर (प्रशासक) या ५ भूमिका, म्हणजे परवानग्यांचे संच, तयारच मिळतात. त्यांतील कॉन्ट्रिब्यूटरला लेख लिहून तपासणीसाठी पाठवता येतो, पण चित्र चढवता येत नाही. त्याची तक्रार आली की त्याला सरळ ऑथर करून टाकण्याचा मोह होतो. मात्र ऑथरला तपासणीविना लेख प्रसिद्ध करण्याचा अधिकारही मिळतो. त्याऐवजी भूमिका संपादित करणाऱ्या प्लगइनमध्ये (वर्डप्रेसला जोडायच्या छोट्या प्रोग्राममध्ये) कॉन्ट्रिब्यूटरची प्रत काढावी, तिला 'सचित्र लेखक' असे नाव द्यावे आणि फक्त 'अपलोड_फाइल्स' या परवानगीपुढे खूण करावी. मूळ भूमिकेला हात न लावणे बरे, कारण प्रत बिघडली तर ती टाकून देता येते.

हेच काम 'ॲड_रोल' ही वर्डप्रेसची नवी भूमिका बनवणारी आज्ञा वापरून कोडने करणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे: भूमिका डेटाबेसमध्ये साठवली जाते, त्यामुळे नंतर कोडमधील परवानग्या बदलून तीच ओळ पुन्हा चालवली तरी जुनी भूमिका जशीच्या तशी राहते. यात भल्याभल्यांची दुपार जाते.

सदस्यांची यादी पाहणे आणि त्यांच्या भूमिका बदलणे या परवानग्या एकाच हाती देताना दहादा विचार करावा, कारण अशी व्यक्ती आपल्याच दुसऱ्या खात्याला ॲडमिनिस्ट्रेटर करून घेऊ शकते. द्रुपल या अशाच दुसऱ्या प्रणालीत खबरदारी वेगळी: तेथे लॉगिन केलेल्या सर्वांच्या भूमिकेला दिलेली परवानगी प्रत्येक सदस्याला मिळते आणि वरची कोणतीही भूमिका ती काढून घेत नाही.

शेवटी त्या भूमिकेचे एक चाचणी खाते काढून ब्राउझरच्या खासगी खिडकीत लॉगिन करावे. जे जमायला हवे ते तर पाहावेच, पण जे जमता कामा नये तेही मुद्दाम करून पाहावे. वर्डप्रेसमध्ये पुढे कधी भूमिका रद्द करायची झाल्यास तिच्यातील सदस्यांना आधी दुसऱ्या भूमिकेत हलवावे, अन्यथा त्यांची खाती राहतील, पण अधिकार काहीच उरणार नाहीत.