गाडीचाही दसरा काढा

आमच्या लातूरकडं घटस्थापनेच्या आत ‘दसरा काढतात’. वाकळा-चादरी धुवायच्या, डबे घासायचे, जळमटं काढायची. माझी शाळा औशाच्या पुढं. रोज जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर जुन्या अल्टोत बसते, म्हणजे माझी खरी बैठकीची खोली तीच. पण तिचा दसरा कुणी काढत नव्हतं. मग एका सकाळी सीटखालची पाण्याची बाटली घरंगळत आली आणि ब्रेकच्या पॅडलखाली अडकली. वेग कमी होता, समोर कुणी नव्हतं, म्हणून निभावलं. तेव्हापासून मी घराच्याही आधी गाडीचा दसरा काढते. लहान जागा आहे, एका सकाळीत उरकते आणि पुढच्या कामाला हुरूप येतो.

गाडी सावलीत लावा. उन्हात शाम्पू पत्र्यावरच वाळतो आणि डाग राहतात. शेजारी जुनी चादर अंथरून गाडीतलं सगळं तिच्यावर ओता. सगळं म्हणजे सगळं, डिकीतली स्टेपनीसुद्धा. माझ्या चादरीवर गेल्या वर्षी काय काय निघालं बघा: तपासलेले चाचणीचे पेपर, एकाच पायातला मोजा, तीन छत्र्या, गुळाच्या ढेपेचा कागद, सीटच्या रुळात अडकलेले सोयाबीनचे दाणे आणि सतरा रुपये सुट्टे. त्याचे चार ढीग करा: घरात, शाळेत, गाडीत, भंगारात. ‘बघू नंतर’ असा पाचवा ढीग करू नका, तो संध्याकाळी परत डिकीत जाऊन बसतो. कागदांचा गठ्ठा तर निम्मा कमी होतो. आरसी, विमा, लायसन डिजिलॉकरमध्ये असलं तरी चालतं. 2018 पासून ते मूळ कागदासारखंच धरतात. संपलेल्या पीयूसी फाडून टाका.

आता आमची काळी माती. ती ओली असताना पुसायला गेलात की मलमासारखी पसरते आणि मॅटच्या रेघारेघांत जाऊन बसते. तिला वाळू द्या. वाळली की भेगाळते, मॅट भिंतीवर आपटली की खपल्या आपोआप गळतात. मग फडा मारा. एसीच्या जाळ्यांतला खकाणा काढायला रंगाऱ्याचा एक इंची ब्रश घ्या, त्याच्यासारखं दुसरं काही नाही. आतलं आधी कोरडंच करायचं, ओलं फडकं सगळ्यात शेवटी.

बाहेरून मात्र उलटं. धुळीच्या पत्र्यावर कोरडं फडकं फिरवलं की रंगावर ओरखडे उठतात, म्हणून आधी पाणी. पाइप लावायची गरज नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा आम्ही घागरी मोजत होतो. त्या उन्हाळ्यानंतर नळी धरून गाडी धुणारा माणूस दिसला की मला अजूनही कसंसंच होतं. दोन बादल्या पुरतात: एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं, फडकं पिळायला. टपापासून खाली या, चाकं शेवटी, आणि चाकांचं फडकं वेगळं. कपड्याचा सोडा-पावडर वापरू नका, रंगाची चमक जाते.

एक जागा बहुतेक जण विसरतात. वायपरच्या खालची काळी जाळी. आमच्या दारात लिंबाचं झाड आहे. त्याचा पाला त्या जाळीत साठला, पाणी जायची वाट बंद झाली आणि पावसाळ्यात शेजारच्या सीटच्या पायाशी तळं. मी दोन महिने काच गळते म्हणून बोटं मोडत होते. मेकॅनिकनं मूठभर कुजका पाला काढून हातात दिला. तेव्हा तिथं हात घाला, पाला वेचा, तांब्याभर पाणी ओता आणि ते चाकाजवळ खाली गळतंय का बघा. आत ओल धरून वास बसला असेल तर मॅटखालचा गालिचा खडखडीत वाळवा, खायचा सोडा रात्रभर भुरभुरून सकाळी झाडून काढा. सुगंधी डबी लटकवली तर दोन वास येतात, एवढंच.

स्टेपनीची हवा तपासा, जॅक-पाना जागेवर ठेवा. सॅनिटायझर, स्प्रेचे डबे, पॉवर बँक गाडीत ठेवू नका. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन माहीतच आहे.

घरात एका दिवसाला एकच कप्पा. अख्खं कपाट पलंगावर उपसलं की रात्री झोपायचं कुठं? पैठणी प्लास्टिकच्या पिशवीतून काढून मलमलच्या किंवा जुन्या धुतलेल्या धोतराच्या कापडात गुंडाळा. घडी दरवर्षी वेगळी घाला, नाहीतर त्याच रेषेवर विरते. डांबरगोळी जरीला टेकू देऊ नका. मुदत संपलेली औषधं, वायर नसलेले चार्जर, पिशव्यांनी भरलेली पिशवी यांवर विचार करत बसू नका.

अवघड काम सासूबाईंचं. “आत्याबाई, हे टाकू का?” विचारलं की उत्तर ठरलेलं: “राहू दे गं, लागंल.” मी वाद घालत नाही. त्या वस्तू एका खोक्यात भरते, वर तारीख लिहिते, खोकं माळ्यावर. पुढच्या दसऱ्यापर्यंत उघडलं नाही तर भंगारवाल्याला. गेल्या साली त्यातून फक्त पुरणयंत्र परत खाली आलं, आणि होळीला ते लागलंच. आत्याबाई आठवडाभर मला ऐकवत होत्या.

खंडेनवमीला गाडीची पूजा होते, झेंडूचा हार पडतो. तो दुसऱ्या दिवशी सकाळी आठवणीनं काढा. पाकळ्या गळून थेट त्या वायपरखालच्या जाळीत जातात.