साहेबांना कळलं कसं?

"काय, नवीन नोकरी बघताय म्हणे?" साहेबांनी सहज विचारलं आणि चहाचा घोट माझ्या घशातच अडकला. मी तर कोणाकडे चकार शब्द काढला नव्हता!

घरी येऊन शोधलं. लिंक्डइनवर 'ओपन टू वर्क', म्हणजे 'मी नोकरी शोधतोय' ही खूण, सुरू करताना मी 'सगळ्यांना दिसू दे' निवडलं होतं. फोटोभोवती हिरवी पट्टी. दवंडीच पिटली म्हणा ना! ते बदलून 'फक्त रिक्रूटर', म्हणजे नोकरभरती करणाऱ्यांनाच दिसेल असं केलं. तरी हे पक्कं झाकण नव्हे. आपल्याच कंपनीच्या रिक्रूटरांपासून लपवायचा प्रयत्न लिंक्डइन करतं, पण पूर्ण गुप्ततेची हमी देत नाही. प्रोफाइलमधल्या बदलांची खबर ओळखीच्यांना जाते, तीही सेटिंग्जमधून बंद केली.

मोठा गाढवपणा वेगळाच होता. मुलाखतीची वेळ मी ऑफिसच्या कॅलेंडरवर टाकली होती, आणि ते अख्ख्या टीमला दिसायचं! आता बायोडेटा, ईमेल, फोन सगळं स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या डेटावर. ऑफिसचं वायफायही नको.

संदर्भासाठी जुन्या नोकरीतले दोघे दिले. 'ऑफर हातात येईपर्यंत सध्याच्या कंपनीत विचारणा करू नका' असं नव्या कंपनीला ईमेलमध्ये स्पष्ट लिहिलं. त्यांना काहीच वावगं वाटलं नाही.

मुलाखतीला अर्धी रजा टाकतो. इस्त्रीचा शर्ट बॅगेत, बदलतो बाहेर पडल्यावरच.