कंबरदुखी असलेल्यांनी मोटरसायकलचे हँडलबार कसे निवडावे

हँडल फार खाली किंवा फार पुढे असले की ते धरण्यासाठी पाठीला पोक येतो, आणि तासाभरात कंबर धरते. म्हणून नवे हँडल घेण्यापूर्वी गाडी मेन स्टँडवर लावून नेहमीच्या जागी बसावे, डोळे मिटावेत, खांदे सैल सोडावेत आणि कोपरे किंचित वाकवून हात समोर धरावेत. मुठी जिथे आपोआप थांबतील आणि प्रत्यक्ष ग्रिप जिथे आहेत, त्यांतील अंतर टेपने मोजावे. किती उंची वाढवायची आणि हँडल किती मागे घ्यायचे, हे या मोजमापावरूनच ठरते.

उंच तितके चांगले, हा समज मात्र चुकीचा आहे. अगदी ताठ बसल्यास खड्ड्याचा प्रत्येक दणका सरळ मणक्यात जातो आणि वेगात छातीवर वारा आदळल्याने हँडलला लोंबकळल्यासारखे होते. कमरेतून किंचित पुढे झुकलेली बैठक माझ्या मते सर्वांत सुसह्य असते.

फरक दोन-तीन सेंटिमीटरचाच असेल, तर आहे त्याच हँडलखाली रायझर, म्हणजे हँडल वर उचलणारे ठोकळे, बसवणे पुरेसे ठरते. नवे घ्यायचे झाल्यास क्लँपचा, म्हणजे हँडल गाडीला जिथे पकडले जाते त्या भागाचा, व्यास जुळला पाहिजे: २२, २५.४ आणि २८.६ मिलिमीटर ही प्रचलित मापे आहेत. बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून क्लच व अ‍ॅक्सिलरेटरच्या केबल आणि ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, हे पाहिल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये. दुखणे पायात उतरत असेल किंवा मुंग्या येत असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवावे.