रत्नागिरीत बदली झाली? खोलीच्या आधी गाडी बघा

पावसाळ्याच्या तोंडावर मराठवाडा-विदर्भातून शिक्षक, नर्स, बँकेतली मुलंमुली रत्नागिरी जिल्ह्यात हजर व्हायला येतात आणि सगळ्यात आधी भाड्याची खोली शोधतात. मी लातूरकडची, संसार इथेच उभा राहिला, म्हणून हक्कानं सांगते: आधी एसटी बघा, खोली मग. समुद्र दिसतो, अंगणात माड आहेत, भाडं कमी आहे, एवढ्यावर होकार देऊ नका. परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे आणि ती वाडीपर्यंत येते की फाट्यावरूनच पुढे जाते, ते आधी काढा. जूनच्या पावसात फाट्यापासून दोन किलोमीटर अंधारातून चालणं म्हणजे काय, ते आपल्याकडच्या माणसाला इथे आल्याशिवाय कळत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आतल्या गावांच्या बऱ्याच फेऱ्या शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी असतात. दिवाळीची सुट्टी लागली, मे महिना आला, की त्यातल्या कितीतरी बंद होतात. जुलैत डोळ्यांनी पाहिलेली साडेपाचची गाडी मे महिन्यात असेलच असं नाही. ओळखीतल्या एका नर्सनं खाडीकाठच्या गावात अकरा महिन्यांचा करार केला, डिपॉझिट भरलं. दिवाळीत संध्याकाळची फेरी थांबली आणि रोजची रिक्षा सुरू झाली. मे महिन्यात पुन्हा तेच. पगार रिक्षात जाऊ लागला, तेव्हा डिपॉझिटवर पाणी सोडून ती शहरात राहायला आली. दरवर्षी कुणी ना कुणी असंच फसतं, म्हणून पुन्हा सांगते. स्टँडवरच्या कंट्रोलरला विचारा, "ही फेरी सुट्टीत असते का?" मग त्याच गाडीच्या कंडक्टरला विचारा. मग गावातल्या दुकानदाराला. तिघांचं उत्तर एक आलं तरच पैसे द्या.

गणपतीचंही तसंच. चाकरमान्यांच्या परतीसाठी जादा गाड्या सुटतात आणि गावातल्या फेऱ्यांना गाड्या कमी पडतात. त्या दिवसांत रजा तरी टाका, नाहीतर सहकाऱ्यांबरोबर जाण्यायेण्याची सोय आधी ठरवा.

ज्या गावात वस्तीची गाडी येते, तिथे डोळे मिटून खोली घ्या. रात्री गाडी येते, ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात आणि पहाटे तीच गाडी निघते. थंडीत काचा दवानं भिजलेल्या असतात, मागच्या बाकांवर मच्छीवाल्या टोपल्या पायांत धरून बसलेल्या असतात. कंडक्टर डबल बेल द्यायला दोरीला हात घालतो आणि पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवरून, कुणी उतरताना दिसलं की हात तसाच ठेवून थांबतो. आपली माणसं म्हणतात, कोकणी माणूस तुटक बोलतो. बोलतो कमी, हे खरं. पण रोजचा माणूस चार दिवस दिसला नाही तर चौकशी हाच करतो. मच्छीच्या वासानं नाकाला रुमाल लावून बसू नका. त्याच बायका सरकून जागा देतात. आणि आपल्याच लोकांचा घोळका करून दिवसभर बदलीच्या गप्पा मारणाऱ्यांपासून जरा लांब राहा. त्यांना दहा वर्षांनीही शेजारच्या वाडीचं नाव माहीत नसतं.

मोबाइलच्या नकाशावरचं सरळ अंतर इथे कामाचं नाही. दाभोळ आणि धोपावे समोरासमोर दिसतात, पण मध्ये वाशिष्ठीची खाडी आहे. फेरीबोटीनं थोड्या वेळात पलीकडे जाता येतं, रस्त्यानं जायचं तर चिपळूणवरून वळसा. जयगड-तवसाळचंही तेच. खाडीपलीकडची नोकरी असेल तर बोटीच्या वेळाही एसटीइतक्याच नीट बघून घ्या.

महिलांना १७ मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे. पुरुषांनी मासिक पास काढावा, वीस दिवसांच्या भाड्यात तीस दिवस होतात.

घरी जाताना कोल्हापूरकडे आंबा घाट, कराडकडे कुंभार्ली. पावसात दरड आली की रस्ता बंद होतो, म्हणून निघण्याच्या आदल्या संध्याकाळी डेपोत फोन करा. मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या खासगी ट्रॅव्हल्सनं येणार असाल, तर गाडी शहरात येते का ते तिकीट काढतानाच विचारा. बऱ्याच गाड्या महामार्गावरच्या हातखंब्याच्या तिठ्याला उतरवून पुढे जातात, आणि तिथून शहर बारा-तेरा किलोमीटर आत आहे. रात्री तीन वाजता सामान आणि लेकरं घेऊन तिठ्यावर उभं राहायची वेळ येऊ देऊ नका. ट्रॅव्हल्सनं एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं घेऊ नये, असा सरकारचा २०१८चा आदेश आहे. जास्त मागितलं तर तिकीट जपून ठेवा आणि आरटीओकडे तक्रार करा.

शाळेची सहल किंवा लग्नाचं वऱ्हाड असेल तर अख्खी एसटी मिळते, तिला प्रासंगिक करार म्हणतात. अर्ज आगार व्यवस्थापकाकडे करायचा. शाळेच्या सहलीला सवलत असते, त्यासाठी मुख्याध्यापकांचं पत्र जोडा. अर्ज करण्याआधी लग्नघरापर्यंतचा रस्ता स्वतः चालून बघा. वाडीच्या शेवटच्या वळणावर मोठी गाडी वळत नसेल तर कुठे थांबवायची, ते डेपोत आधीच सांगा. डिसेंबर-जानेवारीत सहली आणि एप्रिल-मेमध्ये लग्नं असतात, त्या दिवसांसाठी महिनाभर आधी जा.