छाटलेल्या फांदीतून लाकडी डाव कसा घडवावा

लाकडी डावासाठी झाड तोडायची गरज नाही. छाटणीत निघालेली किंवा वादळात पडलेली, मनगटापेक्षा थोडी जाड फांदी पुरते. फक्त ती ओली हवी. ओलं लाकूड सुरीला वाट देतं, वाळलेलं हाताला फोड आणतं.

लाकूड जड, बारीक पोताचं आणि उग्र वास नसलेलं घ्या. फळझाडांचं बहुधा चांगलं निघतं. कण्हेर विषारी, तिचा विचारही नको. चीक गाळणारी झाडंही टाळा. झाड ओळखूच येत नसेल, तर ती फांदी सोडून द्या.

डावापेक्षा दोन बोटं जास्त लांब तुकडा करवतीने कापा, कारण टोकं आधी वाळतात आणि तिथूनच चिरा सुरू होतात. मग तो उभा फोडा. कुऱ्हाडीचं पातं टोकावर टेकवून लाकडी मोगरीने ठोका. असं लाकूड आपल्याच तंतूंवरून दुभंगतं, म्हणून दांड्यात तंतू सलग राहतात आणि तो सहजी मोडत नाही. आता मधला गाभा, म्हणजे फांदीच्या मध्यातला मऊ ठिपका, पुरता काढून टाका. वाळताना लाकूड वलयांच्या दिशेने, म्हणजे गोलाईत, जेवढं आकसतं ते गाभ्याकडून सालीकडे आकसण्याच्या जवळपास दुप्पट असतं. गाभा आत राहिला, तर तो ताण लाकूड चिरूनच मोकळा होतो. माझा पहिला डाव रात्री खिडकीत ठेवला होता. सकाळी वाटीत आरपार चीर. गाभा तसाच राहिला होता.

पेन्सिलीने आकार काढून आधी वाटी कोरा, तुकडा जाड असेपर्यंत तो शिकंजात नीट बसतो. गोल पटाशी तंतूंना आडवी चालवा, दोन्ही काठांकडून तळाकडे. बाहेरचा भाग आधी कुऱ्हाडीने, मग सुरीने उतरवा. काठ पाच-सहा मिलिमीटर ठेवा. तुकडा धरलेला हात कायम पात्याच्या मागे.

कापताना आवाज ऐका. सुरी सळसळत गेली आणि ढलपी गुंडाळत निघाली, तर दिशा बरोबर. करकर होऊन तंतू उचकटले, तर तुकडा फिरवून उलटीकडून कापा. वाटी आणि दांड्याच्या मधल्या गळ्यात ही दिशा बदलते आणि नवख्याची सुरी तिथेच अडते. दोन्ही बाजूंनी उतरत येऊन खोलगट जागी थांबा.

डाव कागदात गुंडाळून सावलीत आठवडा-दोन आठवडे ठेवा. रोज वजन करा. दोन-तीन दिवस काटा हलला नाही की वाळला. मग 120, 240, 400 नंबरच्या काचकागदाने घासा. मध्ये पाण्याचा हात फिरवा, तंतू उभे राहतील. सुकल्यावर पुन्हा घासा. कंटाळवाणं आहे, पण टाळलंत तर पहिल्या धुण्यात डाव खरखरीत होतो.

शेवटी खाण्यायोग्य कच्चं जवसाचं तेल चोळा. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. शेंगदाण्याचं तेल तसं होत नाही, खवट होतं. रंगाच्या दुकानातलं ‘उकळलेलं’ जवस तेल नको, लवकर वाळावं म्हणून त्यात बहुधा धातूंचे क्षार घातलेले असतात. तेलाची चिंधी मात्र चुरगळून टाकू नका, ती आपोआप तापून पेटू शकते. पाण्यात भिजवा किंवा बाहेर पसरून वाळवा.

दोन-तीन आठवड्यांनी, बोटाला तेल लागेनासं झालं की डाव वापरायला घ्या. धुऊन लगेच पुसा, भिजत ठेवू नका. कोरडा दिसू लागला की पुन्हा तेलाचा हात.